हातात असूनही

देव सर्वसमर्थ आहे हे वाक्य ख्रिस्ती माणूस इतक्या वेळा म्हणतो, की आपण काही विलक्षण बोलतो आहोत हे त्याच्या ध्यानातही येत नाही. प्रेषितांचा विश्वासांगीकार पाहा. त्यात प्रेम हा शब्द कुठेच नाही. पण पहिल्याच ओळीत देवाची दोन नावे शेजारी शेजारी येतात, पिता आणि सर्वसमर्थ. या दोन नावांचे एकमेकांशी जमते कसे, हा पुढच्या पाठांचा विषय आहे. पिता सर्वसमर्थ असेल आणि तरीही लेकरू तापाने फणफणत पडले असेल, तर या दोहोंपैकी एक नाव खोटे आहे असे कोणालाही वाटेल. बाप नसेल, नाही तर समर्थ नसेल. असे वाटणाऱ्या माणसाला अविश्वासू म्हणून गप्प बसवणारे पुष्कळ असतात. हे पाठ त्या पंथातले नाहीत.

सुरतेच्या पांडेसऱ्यात हा प्रश्न ग्रंथालयातल्यापेक्षा वेगळ्या अंगाने येतो. उधन्याला लागून असलेली ही औद्योगिक वसाहत कापडावर जगते. विणलेले ग्रे कापड इथल्या मिलांमध्ये येते, धुतले जाते, जेटमध्ये रंगते, छापले जाते, स्टेंटरवर ताणून सुकते आणि साड्यांच्या गठ्ठ्यांनी बाहेर पडते. बॉयलर रात्रंदिवस पेटलेले असतात आणि पाळी बारा तासांची असते. या कामावर उभी असलेली माणसे ओडिशाची, उत्तर प्रदेशाची, बिहारची आणि आपल्या खानदेशची. उधन्याहून निघणारा भुसावळचा रेल्वेमार्ग नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत जळगावला पोचतो. त्याच मार्गावरून गेल्या काही पिढ्या उलट दिशेने इथे आल्या. घरात अहिराणी किंवा भिली बोली, शाळेत महापालिकेची मराठी, कारखान्यात हिंदी, बाजारात गुजराती. श्रावणात शेजारी कानबाई बसते, तेव्हा गल्लीतले ख्रिस्ती घरही त्या गाण्यांनी जागे असते. नवापूर आणि डांगकडून आलेल्या कुटुंबांत प्रार्थना ही रोजची गोष्ट आहे, बहुतेक वेळा दहा बाय दहाच्या खोलीतली, दार उघडे ठेवून केलेली.

शक्ती म्हणजे काय, हे इथे कोणाला शिकवावे लागत नाही. ज्याच्या एका शब्दाने काम मिळते आणि एका शब्दाने जाते, त्याच्यापाशी शक्ती. ठेकेदार या आठवड्याचा हिशोब पुढच्या आठवड्यावर ढकलू शकतो. मंदी आली तर शेठ मिल बंद ठेवू शकतो. २०२० च्या टाळेबंदीत गावी जाऊ द्या म्हणून इथले कामगार रस्त्यावर आले, तेव्हाही गाडी सोडणे कोणाच्या तरी हातात होते आणि गाडी सुटत नव्हती. ‘त्याच्या हातात आहे हो, पण मनात यायला पाहिजे,’ हे वाक्य या वस्तीत रोज कानावर येते आणि ते बहुधा देवाबद्दल नसते. अशा कानांना देव सर्वसमर्थ आहे असे सांगितले की ते सहज असे ऐकू येते: सगळ्या शेठांच्या वरचा शेठ. मग त्याला खूश ठेवायचे, त्याच्या माणसांमार्फत अर्ज करायचा, त्याची मर्जी फिरली की गप्प सोसायचे. ख्रिस्ती शिकवणीतली निम्मी गफलत इथे होते, आणि ती करणारा ऐकणारा नव्हे, बहुतेक वेळा सांगणारा असतो.

पवित्र शास्त्र शक्तीबद्दल काय म्हणते ते आधी नीट पाहू. देवाला काही अशक्य नाही हे विधान शास्त्रात मोजक्याच ठिकाणी स्पष्टपणे येते, आणि त्या जागा ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात ते सारेच्या कानावर पडते. ती म्हातारी झाली आहे, तंबूच्या दाराआड उभी आहे आणि मूल होणार हे ऐकून मनातल्या मनात हसते आहे. यिर्मया ते बत्तिसाव्या अध्यायात बोलतो तेव्हा यरुशलेमेला वेढा पडलेला आहे, तो स्वतः कैदेत आहे, आणि अशा वेळी त्याने अनाथोथ गावातले शेत रोख पैसे मोजून विकत घेतले आहे. शहर पडणार हे त्यानेच सांगितलेले, तरी खरेदीखत तो जपून ठेवायला लावतो. तिसऱ्या खेपेला हे विधान येते ते लूकच्या शुभवर्तमानात, नासरेथातल्या एका मुलीपुढे, जिचे लग्न अजून व्हायचे आहे. राजवाड्यात, सेनापतीपुढे, विजयाच्या मिरवणुकीत हे वाक्य कोणी उच्चारत नाही. एकदा मात्र ते श्रीमंताच्या निमित्ताने येते. उंट आणि सुईचे नाक ही गोष्ट सांगून झाल्यावर शिष्य घाबरून विचारतात की मग तारण कोणाचे होणार, तेव्हा येशू सांगतो की माणसांना हे अशक्य असले तरी देवाला नाही. म्हणजे देवाच्या अमर्याद शक्तीचे एक उदाहरण म्हणून शेठचे मन बदलणे दिलेले आहे. पांडेसऱ्यातल्या वाचकाला ते समुद्र दुभंगण्याहून मोठे वाटले, तर मी त्याला दोष देणार नाही.

आता शाळकरी कोडे. देवालाही उचलता येणार नाही असा दगड देव घडवू शकेल का? कॉलेजात जाणारा प्रत्येक मुलगा एकदा तरी हे कोडे घरी आणतो आणि आईवडिलांना वाटते की पोरगा हातचा गेला. याला उत्तर जुनेच आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने सांगितले की ज्याच्या बोलण्यातच विसंगती आहे ती गोष्ट ‘गोष्ट’च नसते. चौकोनी वर्तुळ करता न येणे म्हणजे कशाची उणीव नव्हे, कारण करण्यासारखे तिथे काही नाहीच. त्याच्या आठशे वर्षे आधी ऑगस्टिनने म्हटले होते की देव मरू शकत नाही, फसू शकत नाही, आणि म्हणूनच तो सर्वसमर्थ आहे. हे त्याला जमले असते तर तो कमी समर्थ ठरला असता. शास्त्रही देवाच्या ‘न शकण्या’ची नोंद करते. तो खोटे बोलू शकत नाही, स्वतःला नाकारू शकत नाही. एवढे पुरे. या कोड्यावर जास्त वेळ घालवू नये. ते ज्याला छळते त्याची झोप त्याने उडत नाही.

झोप उडवणारा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मराठी माणसाने एकोणिसाव्या शतकात जितक्या धारदारपणे विचारला तितका क्वचितच कोणी विचारला असेल. इथे थोडे थांबायला हवे.

जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ छापला. खरा धर्म कसा ओळखावा, याच्या त्याने कसोट्या दिल्या आणि त्यांत चमत्काराचे सामर्थ्य ही एक ठळक कसोटी होती. या ग्रंथाला पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. पहिले उत्तर सुबाजी बापू या मराठी पंडिताचे. सर्वांत कडक उत्तर आले काशीहून, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या नावाने, १८४४-४५ च्या सुमारास. ते लिहिणारे नीळकंठशास्त्री गोरे तेव्हा विशीतले होते. झाशीजवळ जन्मलेले, चित्पावन घराण्यातले, काशीत न्याय शिकलेले.

त्यांचा मुद्दा साध्या भाषेत असा. तुम्ही म्हणता देवाने सर्व काही शून्यातून निर्माण केले, जीवसुद्धा. पूर्वजन्म तुम्ही मानत नाही. मग ज्या बालकाने अजून काही केलेलेच नाही ते जन्मतःच दुःख का भोगते? आम्ही म्हणू की पूर्वकर्माचे फळ. तुम्हाला ती वाट नाही. जीव कोरा आला असेल, तर त्याच्या वेदनेचा हिशोब सरळ निर्मात्याच्या दारात जातो. आणि हा जीव पुढे नरकात जाणार हे सर्वज्ञ देवाला आधीच ठाऊक असताना त्याने तो घडवलाच कशासाठी?

ख्रिस्ती वाचकाने हा आक्षेप शत्रूचा म्हणून बाजूला सारू नये. देवाची शक्ती जितकी मोठी मानावी तितकी त्याची जबाबदारी मोठी होते, हे या तरुण पंडिताने नेमके पकडले होते. ज्याच्या हातात थोडेच आहे त्याला माफ करता येते. ज्याच्या हातात सगळे आहे त्याला कोणती सबब?

पुढची हकिकत अधिक चकित करणारी आहे. याच नीळकंठशास्त्र्यांनी मार्च १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. १८६० मध्ये त्यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिला. आता ते त्याच पटाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. नैयायिकांचा ईश्वर जग घडवतो खरा, पण परमाणू त्याने केलेले नाहीत, जीव केलेले नाहीत, कर्माची साखळीही अनादी आहे. कुंभाराला माती आधी तयार लागते, तसा हा ईश्वर. गोऱ्यांचे म्हणणे असे की अशा ईश्वराला जगाचा खरा स्वामी म्हणता येत नाही. जे त्याने दिलेलेच नाही त्यावर त्याची सत्ता उसनी ठरते. यिर्मयाही देवाला कुंभार म्हणतो, पण त्या कुंभाराची माती त्याच्याच शब्दाने झालेली आहे.

दोन्ही गोरे एकत्र ठेवून वाचले की कोंडी स्पष्ट दिसते. कर्मसिद्धान्त देवाच्या न्यायाचा बचाव करतो, पण त्याच्या शक्तीला कुंपण घालून. शून्यातून निर्मिती मानली की शक्तीचे कुंपण जाते आणि न्यायाचा प्रश्न उघड्यावर येतो. गोरे यांनी बाजू बदलली. तरुणपणी विचारलेल्या प्रश्नाने त्यांची पाठ सोडली असे त्यांच्या चरित्रावरून दिसत नाही. १८९५ मध्ये वारले तोवर ते शंका घेऊनच जगले, आणि तरी प्रार्थना करत राहिले. पंडिता रमाबाईंच्या मनावर त्यांचा मोठा प्रभाव पडला. एखाद्या वक्त्याने शंका ही सैतानाची असते असे सांगितले, तर त्याला गोरे यांचे नाव सांगावे.

गोरे काशीत लिहीत होते त्याच सुमारास सुरतेत आणखी एक मराठी माणूस शक्तीच्याच प्रश्नाशी झगडत होता. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर इथल्या सरकारी शाळेत शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी १८४४ मध्ये मानवधर्म सभा काढली. जादूटोणा, भूतबाधा, मंत्राने माणूस मारण्याच्या गप्पा यांना या सभेने जाहीर आव्हान दिले होते: करून दाखवा. विश्वास ठेवणाऱ्याने या सभेकडे कौतुकाने पाहायला काय हरकत आहे? मंत्र म्हटला की शक्ती आपल्या मुठीत येते ही समजूत देवावरच्या विश्वासाची धाकटी बहीण नाही, वैरीण आहे. शोमरोनातला शिमोन पेत्राला पैसे देऊन पवित्र आत्म्याची शक्ती विकत घ्यायला निघाला, तेव्हा पेत्राने त्याला कसे झिडकारले हे प्रेषितांच्या कृत्यांत वाचावे. सुरतेला हे पुस्तक दोनशे वर्षांपासून ओळखीचे आहे. १८१५ मध्ये इथे आलेल्या लंडन मिशनच्या स्किनर आणि फाय्‌वी यांनी गुजराती बायबल याच शहरात तयार करून छापले.

रमाबाईंकडे वळू. त्यांचा अनुभव पुस्तकी नव्हता. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण गेली. त्यांच्या आठवणींनुसार कुटुंबाने होते नव्हते ते क्षेत्रांत आणि दानधर्मात घातले होते, देव प्रसन्न होईल म्हणून. काही झाले नाही. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोनच वर्षांत पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेणारी ही बाई देव मागितले ते देतोच अशी भोळी समजूत घेऊन आलेली नव्हती. ती समजूत तिने आईवडिलांबरोबर पुरली होती.

म्हणून त्यांनी पुढे केले ते महत्त्वाचे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून शेकडो मुली घेऊन आल्या. छप्पनिया म्हणून गुजरातेत अजून ज्याची आठवण काढतात त्या १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातमधून मुली त्यांच्या केडगावच्या मुक्ती आश्रमात आल्या. आज खानदेशातून सुरतेकडे पोटासाठी माणसे येतात. तेव्हा पोटासाठीच मुली गुजरातेतून महाराष्ट्रात गेल्या होत्या. देवाने दुष्काळ थांबवला नाही. रमाबाईंनी त्यावर प्रबंध लिहिला नाही, त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला, आणि मरेपर्यंत हिब्रू व ग्रीक मूळ समोर ठेवून मराठी बायबल केले. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, दुसऱ्या वर्षी त्या गेल्या. सर्वसमर्थ देवावरचा त्यांचा विश्वास कशाने टिकला, याचे एका वाक्याचे उत्तर कोणी देऊ लागले तर मला ते संशयास्पद वाटते.

आपत्तीत आणखी एक मोह असतो, तो म्हणजे कोणाचे तरी पाप शोधण्याचा. १७५५ मध्ये सर्व संतांच्या सणाच्या सकाळी लिस्बन शहर भूकंपाने कोसळले, तेव्हा लोक चर्चमध्ये होते, आणि त्या एका सकाळीवरून युरोप पुढे कितीतरी वर्षे वाद घालत राहिला. सुरतेला हे परके नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक शहर सोडून पळाले, खानदेशच्या गाड्या दारापर्यंत भरून गेल्या. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचे पाणी सुटले आणि बहुतेक शहर तापीखाली गेले. अशा वेळी हा कोणाच्या पापाचा दंड, असे बोलणारा कुठल्याही धर्मात सापडतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली ती गोष्ट येशूने स्वतःच काढली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती काय असे त्याने विचारले आणि नाही म्हणून सांगितले. जन्मांध माणसाबद्दलही त्याने तेच सांगितले. त्याचे पाप नाही, आईबापाचेही नाही. शिष्यांचा प्रश्न नीळकंठशास्त्र्यांच्याच प्रश्नाचा सख्खा भाऊ होता. येशूने मागच्या पापात कारण शोधले नाही, त्याने त्या माणसाचे डोळे उघडले.

पण सगळ्यांचे डोळे उघडत नाहीत. आणि इथे आपण विषयाच्या गाभ्याशी येतो.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात जब्दीची बायको आपल्या दोन मुलांना, याकोब आणि योहान यांना, घेऊन येशूकडे येते. तुझ्या राज्यात एकाला उजवीकडे, एकाला डावीकडे बसव, एवढेच तिचे मागणे. पोरांना चिकटवून द्या, साहेब. मला ही बाई फार जवळची वाटते. मिलच्या दाराशी अशा आया मी पाहिल्या आहेत. येशू मुलांना विचारतो, मी जो प्याला पिणार आहे तो तुम्ही पिऊ शकाल का? ते म्हणतात, शकतो. बाकीचे दहा जण चिडतात, तेव्हा येशू सर्वांना जवळ बोलावून शक्तीची व्याख्याच उलटी करतो. परराष्ट्रीयांचे सत्ताधीश लोकांवर हुकूम चालवतात, तुमच्यात तसे व्हायचे नाही. ज्याला मोठे व्हायचे त्याने चाकरी करावी, आणि मीही चाकरी करून घ्यायला आलेलो नाही.

म्हणजे सगळ्या शेठांच्या वरचा शेठ हे चित्र खुद्द येशूनेच फाडून टाकले आहे. देवाची शक्ती शेठच्या शक्तीपेक्षा लाखपट मोठी आहे, असे म्हणून भागत नाही. ती जातच वेगळी आहे. गेथशेमाने बागेत हे अगदी उघडे होते. मार्क सांगतो की येशू बापाला आधी म्हणतो, तुला सर्व शक्य आहे, आणि मग मागतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर. सर्वसमर्थावरचा विश्वास इतक्या निःसंदिग्धपणे दुसऱ्या कोणी बोलून दाखवला नसेल. आणि प्याला दूर झाला नाही. हातात असूनही. पांडेसऱ्यातल्या ज्या बाईची प्रार्थना ऐकली गेली नाही असे तिला वाटते, तिने हे ध्यानात घ्यावे की तिच्या आधी त्या रांगेत देवाचा पुत्र उभा होता आणि त्यालाही नाहीच ऐकावे लागले. शेठ कधी रांगेत उभा राहत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचे सगळे वेगळेपण एवढ्यात आहे की समर्थ असलेला रांगेत आला.

वधस्तंभाकडे दुरून पाहणाऱ्या स्त्रियांत मत्तय जब्दीच्या मुलांच्या आईची नोंद करतो. उजवीकडे एक आणि डावीकडे एक, त्या जागांवर दोन लुटारू होते.

मराठी मनाला हे ऐकायला फार कष्ट पडू नयेत. जनाबाईबरोबर दळणारा विठ्ठल आपल्याकडे कोणाला कमीपणाचा वाटला नाही. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक ख्रिस्ताला माउली म्हणू शकले ते याच मातीमुळे. मराठी उपासनेत देवाच्या दराऱ्यापेक्षा त्याच्या कुशीची गाणी जास्त असतात. फरक आहे, आणि तो झाकू नये. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की हे वाकणे भक्ताच्या घरी झालेला खेळ नव्हता. पंतय पिलाताच्या कारकिर्दीत, एका ठरावीक शुक्रवारी, सरकारी आदेशाने तो मारला गेला. आणि मग देवाने त्याला उठवले. पुनरुत्थान वगळून नुसता वधस्तंभ सांगितला, तर दुःखात सोबत करणारा देव उरतो, पण मेलेल्याला उठवणारा उरत नाही. मुलाच्या मृत्यूनंतर अमेरिकेतले यहुदी रब्बी हॅरॉल्ड कुश्नर यांनी १९८१ मध्ये एक गाजलेले पुस्तक लिहून देव चांगला आहे पण सर्व काही त्याच्या हातात नाही, असा निष्कर्ष काढला. त्या बापाच्या प्रामाणिकपणापुढे मान झुकते. तरी ज्याला आपले मेलेले मूल पुन्हा भेटायला हवे आहे, त्याला हा देव पुरत नाही.

आता थोडे कडू. देव बरे करू शकतो आणि देव बरे करीलच, ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले श्रद्धेचे आहे. दुसरे बहुतेक वेळा व्यासपीठावरचे असते, ध्वनिवर्धकासकट. आजारी माणूस बरा झाला की साक्ष होते आणि नाही झाला की त्याचा विश्वास कमी पडला असे सांगितले जाते. देवाचा हिशोब अशा रीतीने नेहमी चुकता राहतो आणि उधारी रोग्याच्या माथी बसते. दानीएलाच्या पुस्तकातले तिघे तरुण भट्टीपुढे उभे राहून राजाला सांगतात की आमचा देव सोडवू शकतो, आणि न सोडवले तरीही तुझ्या मूर्तीला आम्ही नमणार नाही. ते ‘तरीही’ आजच्या कित्येक प्रवचनांतून गळून गेले आहे. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवले. काटा तसाच राहिला आणि अशक्तपणातच शक्ती पुरी होते असे त्याला सांगण्यात आले. त्याचा विश्वास कमी होता असे कोणी म्हणेल काय?

याला कायद्याचीही एक बाजू आहे. गुजरातच्या २००३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात देवाच्या कोपाची धमकी ही बळजबरीत मोडते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने दैवी आशीर्वादाचे आमिष हेही प्रलोभनात घातले. या कायद्यावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे आणि न्यायालयात तो वाद झालेलाही आहे. पण आशीर्वादाचा सौदा येशूने रानात सैतानाच्या तोंडून ऐकला आणि नाकारला होता, हे कायद्याच्या आधीपासून शास्त्रात आहे. औषधोपचाराबद्दल वेगळे सांगायची गरज पडू नये, पण पडते. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयात प्रार्थना होते आणि शस्त्रक्रियाही होते. गोळ्या बंद करणे हा विश्वास नव्हे. ताप आला तर सिव्हिलला जावे.

पाठ क्रमाने वाचलेच पाहिजेत असे नाही. पहिले दोन निर्मितीवर आहेत आणि थोडे जड आहेत. कंटाळा आला तर सरळ ईयोबावर जावे. तिथे देव वादळातून बोलतो, प्रश्नांमागून प्रश्न विचारतो, मगर आणि पाणघोडा दाखवतो, आणि ईयोबाच्या दुःखाचे कारण शेवटपर्यंत सांगत नाही. मात्र ज्या मित्रांनी देवाची बाजू घेऊन ईयोबाला पापी ठरवले होते त्यांच्यावर तो रागावतो, आणि तक्रार करणारा ईयोब नीट बोलला असे म्हणतो.

शेवटचा पाठ प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायावर आहे. हेरोद याकोबाला तलवारीने मारतो. हा तोच याकोब, ‘शकतो’ म्हणालेला. मग हेरोद पेत्राला धरतो, मंडळी कळकळीने प्रार्थना करते, देवदूत येतो, साखळ्या गळतात, पेत्र रस्त्यावर येऊन दार ठोठावतो. रोदा नावाची मुलगी आवाज ओळखून आत पळत जाते, आणि आत प्रार्थनेला बसलेले लोक तिलाच वेडी म्हणतात. मंडळीच्या विश्वासाची मजल एवढीच होती; तरी पेत्र सुटला. याकोबासाठी प्रार्थना झाली नसेल असे मानणे कठीण आहे. एक सुटला आणि एक मारला गेला, आणि लूक त्याचे कारण देत नाही, सावरून घेणारे एखादे वाक्यही जोडत नाही. पाठातही ते दिलेले नाही. एकत्र बसून वाचताना हा प्रश्न आपल्या पाळकांना जरूर विचारावा. त्यांनी लगेच उत्तर दिले तर पुढच्या रविवारी पुन्हा विचारावा.